एंडमिल तीनदा बदलली, खोट होल्डरमध्ये होती

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा भोसरीतल्या कुठल्याही जॉबवर्क शॉपमध्ये बसेल असे हे प्रातिनिधिक प्रकरण आहे. आकडे अशा मशिनांवर नेहमी दिसणाऱ्या टप्प्यातले धरले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या डायलवर ताडून पाहता येतील.

काम साधे. एसजी आयर्न (एक प्रकारचे चिवट बीड) ५००/७ चा ब्रॅकेट, त्यात १२ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल खाच. तीन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशिन), तिन्हींचा स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, बीटी-४० मापाचा, प्रोग्रॅम एक, एकाच डब्यातल्या चार दातांच्या कोटेड कार्बाइड एंडमिल (खाच कापणारे फिरते टूल). पहिल्या दोन मशिनांवर एक एंडमिल शंभराच्या वर नग काढते. तिसऱ्यावर चाळिशीच्या आत कोपरे उडतात, खाच रुंद होते आणि कटिंगचा आवाज बदलतो. आणखी एक खूण होती, पण तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. पाळीच्या सुरुवातीला ६.०० असलेली खाचेची खोली जेवणाच्या सुट्टीपर्यंत ६.०८ झालेली असायची. ऑपरेटर ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली टूलची उंची) उचलायचा आणि काम पुढे चालायचे.

पहिला संशय नेहमीप्रमाणे टूलवर गेला, त्याला स्पिंडलमध्ये धरणाऱ्या होल्डरवर नाही. एंडमिलची कंपनी तीनदा बदलली, फरक शून्य. मग फीड (कापताना पुढे सरकण्याचा वेग) कमी केला. त्याने नग निघायला वेळ लागू लागला आणि एंडमिल आणखी लवकर जाऊ लागली. शेवटी हायड्रॉलिक चक (तेलाच्या दाबाने टूल धरणारा होल्डर) घ्यायचा प्रस्ताव आला. तो तिथेच थांबवून आधी डायल लावायचा ठरला, आणि या सगळ्यात तेवढा एक निर्णय बरोबर होता.

फीड कमी केल्याने नुकसान का वाढले

कटिंग स्पीड १२० मीटर प्रति मिनिट धरला तर १२ मिमी टूलला ३१८३, म्हणजे सुमारे ३२०० आरपीएम येतात. एका दाताला ०.०५ मिमी फीड, चार दात, म्हणून टेबल फीड ६४० मिमी प्रति मिनिट. टूल केंद्रात फिरत असेल तर प्रत्येक दात ०.०५ चीच चिप काढतो.

तिसऱ्या मशिनवर दातांच्या टोकाशी रनआउट (फिरताना केंद्र सोडून डोलणे) मिळाला ०.०४२ मिमी. डायलचा पूर्ण झोका ०.०४२ म्हणजे टूल केंद्रापासून ०.०२१ ने सरकलेले. सरकण्याची दिशा एखाद्या दाताच्या रेषेत असेल तर दोन दातांना ०.०७१ ची चिप येते आणि उरलेल्या दोघांना ०.०२९ ची. दोघे जवळजवळ दीडपट ओझे ओढतात, दोघे निम्म्याच्या आसपास. आता फीड ०.०३ वर आणा. सरकलेपणा तेवढाच राहतो, म्हणून वाटणी होते ०.०५१ आणि ०.००९. पहिले दोन दात दुसऱ्या दोघांच्या पाचपटीहून जास्त कापतात, आणि ०.००९ वाले दात कापण्याऐवजी घासतात. घासलेली धार तापते आणि बोथट होते. एंडमिल लवकर का जात होती, ते या एका ओळीच्या गणितात आहे.

दोष होल्डरचा की मशिनचा

मोजताना ०.०१ चा प्लंजर डायल उपयोगाचा नाही. ०.००२ मिमीचा लिव्हर डायल घ्यावा. दातांवर मोजायचे असेल तर स्पिंडल हाताने उलट्या दिशेने फिरवावा, नाहीतर धार डायलच्या टोकात अडकते आणि दोन्हींची वाट लागते. त्याहून बरे म्हणजे १२ मिमी एच-६ ची ग्राइंड केलेली पिन कॉलेटमध्ये (होल्डरमधली, नटाने आवळून टूल धरणारी चिरांची नळी) धरावी. एक वाचन नटाजवळ घ्यावे, दुसरे ४० मिमी बाहेर. दोन्हीकडे सारखेच आले तर टूल समांतर सरकले आहे. लांब गेल्यावर वाढले तर ते तिरके बसले आहे, आणि तिरकेपणा बहुतेक कॉलेट, नट किंवा टेपरमध्ये (होल्डरचा स्पिंडलमध्ये बसणारा शंकू) अडकलेल्या कचऱ्यातून येतो.

या होल्डरवर (बीटी-४०, ईआर-३२ कॉलेटचा, गेज लांबी ७० मिमी) नटाजवळ शँकवर (टूलच्या धरायच्या दांड्यावर) ०.०१८ आणि टोकाशी ०.०४२ मिळाले. तिरका बसलेला. तोच होल्डर काही न उघडता पहिल्या मशिनवर लावला तर ०.०४०. म्हणजे दोष होल्डरबरोबर चालत गेला. खात्रीसाठी आणखी एक फुकटची चाचणी आहे. बीटी होल्डरचे दोन्ही कीवे (स्पिंडलच्या ड्राइव्ह की बसतात त्या खाचा) सारख्या खोलीचे असतात, त्यामुळे तो १८० अंश फिरवून त्याच स्पिंडलमध्ये बसवता येतो. डायलवरची उंच जागा होल्डरच्या खुणेबरोबर फिरली तर दोष होल्डरचा. स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर स्पिंडलच्या टेपरकडे बघायचे. इथे ती होल्डरबरोबर फिरली. टेस्ट मँड्रेलने (तपासणीचा अचूक गोल दांडा) स्पिंडलही तपासला: तोंडापाशी ०.००४, ३०० मिमीवर ०.०१२. स्पिंडलला बोल लावण्यासारखे काही नव्हते.

नट उघडल्यावर

नट खोलला आणि एकावर एक चुका निघाल्या.

कॉलेटवर कोरलेले होते १३-१२. ईआर-३२ ची कॉलेट साधारण १ मिमी आवळते: १३-१२ वाली १३ पासून १२ पर्यंत, १२-११ वाली १२ पासून ११ पर्यंत. १२ चा शँक दोन्हींत जातो, म्हणून गडबड लक्षात येत नाही. पण १३-१२ मध्ये तो पार शेवटच्या टोकाला धरला जातो. कॉलेट पूर्ण आवळलेली असते, पाकळ्या शँकवर सपाट न बसता कडेवर टेकतात, पकड ढिली आणि केंद्र बिघडलेले. १२ मिमीच्या टूलला १२-११ च हवी. खोली ६.०० वरून ६.०८ वर जाण्याचे कारणही हेच. एंडमिलच्या नागमोडी खोबणीमुळे कापताना टूल खाली ओढले जाते, आणि ढिल्या पकडीतून ते सूतभर नाही तरी मायक्रॉन-मायक्रॉनने बाहेर सरकत होते. शँकवर नटाच्या कडेला मार्करची बारीक रेघ मारून ठेवली असती तर पहिल्याच दिवशी कळले असते.

दुसरी चूक टूल बाहेर काढण्यातली. एंडमिलची एकूण लांबी ८३ मिमी, त्यातली ५८ बाहेर. आत राहिले २५. ईआर-३२ कॉलेट ४० मिमी लांब असते आणि शँकने तिचा किमान दोन तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे २७ मिमी, भरलेला हवा. नाहीतर कॉलेट मागच्या बाजूला मोकळी आवळते आणि तोंडाकडे घंटेसारखी पसरते. ५८ बाहेर काढायचे कारण काय, तर ५० मिमी व्यासाचा नट क्लॅम्पच्या बोल्टला लागायचा. बोल्ट उलटा लावून डोके खाली घेतले आणि टूल ४० वर आले. लांबीच्या घनाच्या प्रमाणात टूल वाकते. ५८ चे ४० केल्यावर तेवढ्याच जोराला वाकणे तिपटीने कमी. होल्डर निवडताना लोक कॅटलॉग चाळतात, फिक्सचरचा बोल्ट बघत नाहीत.

तिसरी चूक कॉलेट बसवण्यातली, आणि ती जवळपास प्रत्येक शॉपमध्ये दिसते. कॉलेट आधी होल्डरमध्ये टाकली आणि वरून नट फिरवला. नटाच्या आत एक विकेंद्री कडी असते, तिने कॉलेटच्या गळ्यातली खाच पकडायला हवी. म्हणून कॉलेट आधी नटात, तिरपी धरून, टक आवाज येईपर्यंत बसवायची, मग नट दोन-तीन आटे होल्डरवर, मग टूल. उलटे केले तर कडी कॉलेटच्या कपाळावर दाबते, कॉलेट तिरपी होते, आणि उघडताना ती होल्डरमध्येच अडकते. मग ती सुटावी म्हणून टूलवर हातोडी पडते.

चौथी चूक आवळण्यातली. ईआर-३२ च्या साध्या नटाला बनावटीनुसार सुमारे १३० ते १४० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ३०० मिमीच्या हुक पान्याने १३६ न्यूटन-मीटर द्यायचे तर टोकाशी सुमारे ४६ किलोचा जोर लावावा लागतो. हाताने एवढा जोर एकसारखा कुणाचाच येत नाही, म्हणून पान्याला पाइप लागतो. ९०० मिमीच्या पाइपवर ४० किलो टाकले की झाले ३५० च्या वर. नटाचे आटे ताणतात, कॉलेट पिळली जाते आणि रनआउट सुधारण्याऐवजी बिघडतो. या होल्डरच्या नटाचे तोंड आतून चकाकत होते, दोन आटे चेपलेले. आवळण्याची जागाही चुकीची होती. नट मशिनवरच, स्पिंडलमध्ये होल्डर ठेवून आवळला जायचा, म्हणजे तो सगळा पीळ ड्राइव्ह की आणि बेअरिंगवर. टायटनिंग फिक्सचर फारसे महाग नसते. टॉर्क रेंच आणि हुक डोके घेऊन हे काम टेबलावरच करायचे असते.

मोजत मोजत पुढे गेल्यावर काय झाले ते असे. ४० मिमी बाहेर पिन धरून जुन्या कॉलेटवर ०.०३१. नवी १२-११ टाकली, ०.०१६. होल्डरचा आतला शंकू पुसला तर चिंधीवर काळी पेस्ट आली. एसजी आयर्नची पूड आणि कूलंट मिळून हा लेप तयार होतो आणि तो नखानेही निघत नाही; ब्रशने काढल्यावर ०.०११. नवा नट आणि टॉर्क रेंचने १३६, ०.००७. एका कॉलेटची किंमत साधारणपणे एका १२ मिमी कार्बाइड एंडमिलपेक्षा कमी असते, हे इथे सांगायला हवे. कॉलेट ही खपाची वस्तू आहे. लोक ती दागिन्यासारखी वर्षानुवर्षे जपतात.

डायल खूश, खाच नाही

०.००७ वर प्रकरण संपायला हवे होते. एंडमिलचे आयुष्य वाढलेही, पण बाकी दोन मशिनांएवढे नाही. खाचेच्या शेवटी बारीक किंचाळी येत होती आणि भिंतीवर लाटा दिसत होत्या. डायल हे स्थिर अवस्थेतले मोजमाप आहे. कापताना होल्डर डुलतो का, हे तो सांगत नाही.

ते सांगितले टेपरने. होल्डरच्या टेपरवर मोठ्या टोकाकडे तांबूस-तपकिरी पट्टा होता, कोकोची पूड लागल्यासारखा. गंज नव्हे. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म हालले की घासून निघालेले लोखंड ऑक्सिडाइझ होते आणि असा डाग पडतो. कामगार तो गंज समजतात, एमरी पेपरने घासतात, आणि टेपरचे माप कायमचे बिघडवतात.

निळा मारून पाहिले. टेपरवर पातळ, एकसारखा मार्किंग ब्लू, होल्डर स्पिंडलमध्ये क्लॅम्प करून लगेच काढायचा. नीट बसणाऱ्या होल्डरचा निळा पूर्ण लांबीवर, निदान मोठ्या टोकाकडे ठळक, उठतो. इथे तो फक्त मागच्या, लहान टोकाच्या भागावर उठला. ६५ मिमी लांबीच्या टेपरचा पुढचा भाग हवेत होता. डायलवर वाचन चांगले येत होते, कारण हाताने फिरवताना होल्डरवर जोरच नव्हता.

कारण मागे सापडले: पुल स्टड, म्हणजे होल्डरच्या मागे लावलेला, ज्याला धरून मशिन होल्डर आत ओढते तो बोल्ट. एम-१६ आट्याचा हा स्टड इम्पॅक्ट गनने आवळलेला होता. अति आवळला की स्टडच्या कॉलरमागचा होल्डरचा भाग फुगतो, आणि तो भाग म्हणजेच टेपरचे लहान टोक. काही मायक्रॉनचा फुगवटा पुरतो. होल्डर आधी तिथे टेकतो आणि पुढे पोकळी राहते. स्टड सोडवून पुन्हा निळा मारला तर डाग जवळजवळ पूर्ण लांबीवर आला. म्हणजे होल्डर वाचला होता. नवा स्टड ६५ न्यूटन-मीटरला आवळला; एम-१६ चा टप्पा बनावटीप्रमाणे बदलतो. किंचाळी थांबली.

स्टड बदलताना एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. बीटी-४० चे स्टड ४५ आणि ६० अंशांच्या डोक्याचे मिळतात आणि बाहेरून जुळे वाटतात. आपल्या मशिनचा ग्रिपर कुठल्या कोनाचा आहे ते मशिनच्या पुस्तिकेतच पाहावे. चुकीच्या कोनाचा स्टड एका कडेवर पकडला जातो, तिथे तडा जातो, आणि कटिंग चालू असताना होल्डर सुटला तर दारावरची काच हाच काय तो आडोसा. तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशिनचे स्टड वर्ष-दीड वर्षात सरसकट बदलावेत, हे आमचे मत. गळ्यावर चरा दिसला तर त्याच दिवशी.

ड्रॉबारचा (स्टड धरून होल्डर आत ओढणारा स्पिंडलमधला दांडा) ओढही मोजून घेतला. पुस्तिकेत ८ किलोन्यूटन, गेजवर ७.५. बशीच्या स्प्रिंगा थकायला लागल्या की हा आकडा घसरत जातो. एवढ्यावर स्प्रिंगा बदलायची गरज नव्हती; आकडा तारीख घालून मशिनवर चिकटवला.

टेपरबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. टूलचे टोक गेज रेषेपासून (टेपरच्या मोठ्या टोकापासून) ११० मिमी पुढे आणि टेपर ६५ मिमी लांब. लहान टोकाशी एका बाजूला ०.०१ मिमीचा कण अडकला आणि होल्डर पुढच्या कडेवर तोलला गेला, तर टोक ०.०१७ सरकते आणि डायलवर ०.०३४ दिसतात. केसाच्या सातव्या हिश्श्याएवढा तो कण. एअर गनने स्पिंडल ‘साफ’ केला की असेच कण आत जातात. तिथे टेपर वायपर फिरवावा, हवा नव्हे.

मग हायड्रॉलिक चकचे काय

त्याच ब्रॅकेटमध्ये पुढे १२ एच-७ चे रीम केलेले छिद्र आहे. हायड्रॉलिक चक घ्यायचाच असेल तर तो त्या रीमरसाठी. व्यासाच्या २.५ पट अंतरावर ०.००३ पर्यंतचा रनआउट, आतल्या तेलामुळे कंपन शोषणे आणि एका अॅलन कीने टूल बदलणे, याचे पैसे रीमिंगमध्ये वसूल होतात. पण आत टूल नसताना त्याचा स्क्रू कधीच आवळू नये, आतली पातळ भिंत कायमची वाकते. शँक आतल्या किमान खोलीच्या खुणेपर्यंत गेलेला हवा.

खाचेला ईआर-३२ च पुरेसा आहे. श्रिंक फिट (तापवून टूल बसवायचा, थंड झाल्यावर आवळणारा होल्डर) सुंदर धरतो, पण त्याला तापवायचे यंत्र लागते, तो कार्बाइडच्या एच-६ शँकवर नीट चालतो, आणि ३२०० आरपीएमवर त्याचा जो फायदा मिळतो तो इथे कामाला येत नाही. बॅलन्सिंगचेही तसेच. १.२ किलोच्या होल्डरला ३२०० वर जी-६.३ या संतुलनाच्या दर्जासाठी सुमारे २२ ग्रॅम-मिमी असंतुलन चालते. हा विषय १० हजार आरपीएमच्या वर काढावा.

२० मिमीच्या रफिंग एंडमिलला साइड लॉक ठेवला आहे आणि तो ठेवावाच. बाजूचा स्क्रू टूलला एका अंगाला ढकलतो, त्यामुळे रनआउट कॉलेटपेक्षा वाईट येतो. पण शँकवर सपाट जागा असेल तर टूल खाली सरकण्याची भानगड नाही. रफिंगला तेच हवे. एम-१० टॅपिंगला ८.५ च्या ड्रिलनंतर चौकोनी ड्राइव्हची टॅप कॉलेट, साधी नव्हे. साध्या कॉलेटमध्ये टॅप फिरून घसरतो, आणि घसरलेल्या टॅपने शँक आणि कॉलेट दोन्ही खरबरीत होतात.

आता रोज काय करायचे

प्रत्येक होल्डरवर इलेक्ट्रिक पेनने नंबर कोरला. नंबराला एक कार्ड: कॉलेट कधी बदलली, स्टड कधी, ४० मिमीवर शेवटचा रनआउट किती. ०.०१० पर्यंत फिनिशिंगला, ०.०२० पर्यंत फक्त रफिंगला, त्यापुढे कॉलेट टाकून द्यायची आणि नव्या कॉलेटवर पुन्हा मोजायचे. नव्या कॉलेटवरही उतरला नाही तर होल्डरच्या आतला शंकू गेला, तो बाजूला काढायचा. धडक बसलेला होल्डर निळा मारल्याशिवाय परत मॅगझिनमध्ये जात नाही, हा नियम थोडा जाचक वाटतो आणि पहिल्या महिन्यात सगळे कुरकुरतात.

टूल बदलताना कॉलेटचे भोक आणि शँक कोरडे पुसायचे, तेलाचा अंश नको. तेल लावायचेच तर नटाच्या आट्यांना, बोटाला लागेल एवढेच. टेपर पुसायला कॉटन वेस्ट चालत नाही, तिचे धागे मागे राहतात. मऊ, धागे न सुटणारे कापड ठेवावे. आठवड्याला कॉलेट सॉल्व्हंटमध्ये धुवून पाकळ्यांमधल्या चिरा ब्रशने मोकळ्या करायच्या. एसजी आयर्न चालत असेल तर आठवड्यातून दोनदा. कॉलेट एका खणात ढीग करून ठेवल्या की एकमेकींवर आपटून कडा जातात. भोकाभोकांची लाकडी फळी पुरते.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कोरडा ठेवलेला टेपर चार दिवसांत ठिपकतो. वापरात नसलेल्या होल्डरवर पातळ गंजरोधक तेल आणि वर व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणारा) कागद. लावण्याआधी ते तेल पूर्ण पुसायचे, कारण तेलाचा थरही टेपरवर बसतो.

तिसऱ्या मशिनचे नग आता बाकी दोन मशिनांच्या ओळीत आहेत. स्पिंडलच्या आत मात्र मोठ्या टोकाला तपकिरी पट्ट्याची छाया राहिली. ती घासून काढलेली नाही. नखाला लागणारा एकच बर (धातूची उठलेली कड) सर्व्हिसवाल्याने बारीक दगडाने हलका उतरवला, आणि दर महिन्याला त्याच मँड्रेलने तोंडापाशी आणि ३०० मिमीवर वाचन घेतले जाते. तोंडापाशी ०.००८ ओलांडले की स्पिंडल ग्राइंडिंगची वेळ आली असे ठरले आहे.